प्रस्तावना : एका अळीचे नाव ठरवताना

जूनच्या अखेरीस युरोपातल्या एखाद्या नाशपातीच्या बागेत शिरले, तर काही झाडांची पाने करपल्यासारखी तपकिरी दिसतात. एक पान तोडून उजेडाकडे धरले की खरा प्रकार कळतो. वरचा हिरवा थर कुणीतरी खरवडून खाल्लेला असतो. शिरांची जाळी आणि खालचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक असतो. खाणाराही जवळच सापडतो. सेंटिमीटरभर लांब, काळपट हिरवा, चिकट, ओला गोळा. पुढून फुगलेला, मागे निमुळता. डोके दिसत नाही, पायही दिसत नाहीत. शंख नसलेली गोगलगाय समजून कुणीही पुढे जाईल. इंग्रजीत त्याला पेअर स्लग म्हणतात तेही त्यामुळेच. प्रत्यक्षात ती मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्यांच्या हायमेनोप्टेरा गणातल्या एका माशीची अळी आहे. तिचे आज मान्य असलेले शास्त्रीय नाव कॅलिरोआ सेरासी.

हे पुस्तक या एका माशीच्या आधाराने कीटक ओळखणे आणि त्यांचे वर्गीकरण करणे या दोन कामांत वाचकाला उतरवते. एका लहानशा किडीवर सबंध पुस्तक कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर या किडीच्या इतिहासात आहे. अडीचशे वर्षे दोन प्रकारच्या माणसांनी तिच्याकडे पाहिले. एक गट बागेत उभा राहून पानावरची अळी पाहत होता, दुसरा संग्रहालयात टाचणीला लावलेली प्रौढ माशी. दोघांची निरीक्षणे सहसा चोख होती; गाठभेट मात्र क्वचित होई. एकाच किडीला अनेक नावे मिळाली, ती एका वंशातून दुसऱ्या वंशात फिरत राहिली, तिचा मूळ देश कोणता यावर वाद झाले. या गोंधळाचा मोठा भाग त्या अंतरातून जन्मला. अळी आणि माशी, बाग आणि संग्रहालय एकत्र वाचल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे आणि मला ते पूर्ण पटते.

ही माशी सॉफ्लाय या गटातली आहे. सॉफ्लाय म्हणजे कोण, इथपासून सुरुवात करू. गांधीलमाशीची बारीक कंबर आपल्या डोळ्यांसमोर असते. सॉफ्लायला ती कंबर नसते, तिचे पोट छातीला रुंद जोडलेले असते. बहुतेक सॉफ्लायच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमागे, दोन फिकट खरखरीत ठिपके असतात. माशी बसली की पुढचे पंख त्यांना अडकून जागच्या जागी राहतात. मादीच्या पोटाच्या टोकाशी दातेरी पात्यांची जोडी असते. ती पाती पुढे-मागे सरकवत मादी पानाच्या किंवा फुटव्याच्या पेशींत चीर पाडते आणि चिरेत अंडे ठेवते. ही माशी डंख मारत नाही. जगात सॉफ्लायच्या आठ हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांना सिंफायटा या एकाच उपगणात ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण हा गट वंशवृक्षावरची एक सलग फांदी नाही. ओरुसिडी कुळातल्या सॉफ्लाय लाकूड पोखरणाऱ्या कीटकांच्या अळ्यांवर परोपजीवी जगतात आणि इतर सॉफ्लायपेक्षा गांधीलमाश्यांना जवळच्या आहेत. बारीक कंबरेच्या साऱ्या हायमेनोप्टेरा सॉफ्लायसारख्याच पूर्वजांतून पुढे आल्या. त्यामुळे सिंफायटा हे नाव आज सोयीचे म्हणून वापरले जाते.

शेतकऱ्याला किंवा कृषी सहायकाला प्रौढ माशी बहुधा दिसतच नाही. त्याच्यासमोर येते ती अळी, आणि पहिली चूक इथेच होते. पतंगाच्या अळीला पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड्या मांसल पाय असतात आणि त्यांच्या टोकांना बारीक आकड्यांची रांग असते. डोक्याच्या प्रत्येक बाजूला बहुधा सहा साधे डोळे असतात. उघड्यावर पाने खाणाऱ्या सॉफ्लायच्या अळीला असे पाय सहा ते आठ जोड्या असतात, आकडे नसतात आणि प्रत्येक बाजूला एकच डोळा असतो. हातभिंग जवळ असेल तर हे पाहायला मिनिटभर पुरते. कॅलिरोआची अळी चिकट द्रवाखाली पाय लपवते. तिला पाण्याने हलकेच धुऊन उलटी केली की छातीचे तीन आणि पोटाचे सात, असे पायांचे दहा जोड मोजता येतात. शेपटीच्या टोकाला पाय नसतात. अपवादही लक्षात ठेवावे लागतात. पॅम्फिलिडी कुळातल्या अळ्यांना पोटाखाली एकही पाय नसतो. म्हणून एकाच लक्षणावर निकाल देऊन चालत नाही.

हा फरक फक्त अभ्यासकांच्या उपयोगाचा आहे असे नाही. पतंगाच्या अळ्यांवर वापरले जाणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी हे जैविक कीडनाशक सॉफ्लायच्या अळीवर चालत नाही. अळी दिसली, फवारणी झाली, अळी मेली नाही, मग औषधच बनावट असा निष्कर्ष निघतो. खरे तर ओळख चुकलेली असते.

नाशपातीवर येणारी सॉफ्लाय एकच नाही, आणि या विषयातली रंगत इथून सुरू होते. युरोपातल्या बागांपुरते बोलायचे तर निदान पाच प्रजाती झाडाचे पाच वेगवेगळे भाग किंवा तेच भाग वेगवेगळ्या रीतीने खातात. कॅलिरोआ सेरासी पानाचा वरचा थर खरवडते. प्रिस्टिफोरा ॲब्रिव्हिएटाची हिरवी अळी पानाच्या कडेला अंग चिकटवून बसते आणि पानाला गोलसर भोके पाडते. पानाच्या रंगात ती इतकी मिसळून जाते की आधी भोक दिसते, अळी मागून सापडते. न्यूरोटोमा साल्टुअमच्या नारिंगी पिवळ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या रेशमाचे जाळे विणून त्यात गटाने राहतात. होप्लोकॅम्पा ब्रेव्हिसची मादी फुलात अंडी घालते आणि तिची अळी कोवळे फळ आतून पोखरते. फळ सुपारीएवढे होण्याआधीच गळते. जॅनस कॉम्प्रेसस कोवळ्या फुटव्याभोवती सर्पिलाकार टोचे मारून अंडे घालते. टोच्यांच्या वरचा शेंडा काळा पडून खाली झुकतो आणि अळी त्या फुटव्यातून खाली पोखरत जाते. पहिली, दुसरी आणि चौथी टेंथ्रेडिनिडी या सर्वांत मोठ्या कुळातल्या, तिसरी पॅम्फिलिडीतली, पाचवी सेफिडीतली. त्या सेफिडी कुळात पाठीवरचे ते दोन ठिपकेही नसतात.

नुसत्या खुणांवर विसंबणेही धोक्याचे. फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगातही नाशपातीचा शेंडा काळा होऊन आकड्यासारखा वाकतो. कोवळी फळे काळी पडून गळतात ती काही वेळा सॉफ्लायमुळे नाही, तर नाशपातीवरच्या मिज या बारीक माशीमुळे. फुटवा उभा चिरून आत अळी आहे का, गळलेल्या फळात एकच पोखरणारी अळी आहे की अनेक लहान पांढरट अळ्या, हे पाहिल्याशिवाय निदान करू नये. लेखिकेने नुकसानीच्या खुणेपासून सुरुवात करून अळी, कोष आणि प्रौढ अशा क्रमाने वाचकाला नेले आहे. हा क्रम बागेतल्या माणसाच्या सोयीचा आहे आणि आजवरच्या बऱ्याच ओळख-सूचींच्या उलटा आहे. त्या सूची प्रौढ मादीपासून सुरू होतात, कारण त्या संग्रहालयात लिहिल्या गेल्या.

आता इतिहास. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३४ ते १७४२ या काळात कीटकांवर सहा खंड लिहिले. नावे देण्यापेक्षा कीटक जगतो कसा यात त्यांना रस होता. पतंगाच्या अळीसारख्या दिसणाऱ्या पण पाय जास्त असलेल्या अळ्यांना त्यांनी खोट्या अळ्या म्हणून वेगळे काढले. स्वीडनच्या लिनियस यांनी १७५८ मध्ये 'सिस्टेमा नॅचुरे'च्या दहाव्या आवृत्तीत आपल्या माशीला टेंथ्रेडो सेरासी हे नाव दिले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा अधिकृत प्रारंभ त्याच आवृत्तीपासून धरला जातो. रेत्झियस यांनी १७८३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ डी गीर यांनी वर्णिलेल्या कीटकांना शास्त्रीय नावे दिली. त्यांत याच किडीला गोगलगाईवरून लिमासिना हे नाव मिळाले. पुढे बर्लिनच्या संग्रहालयातले क्लूग यांनी तिला ॲडंब्राटा म्हटले. एक नाव झाडावरून, एक अळीच्या रूपावरून, एक संग्रहातल्या माशीवरून. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन लेखनात ॲडंब्राटा आणि इंग्रजी लेखनात लिमासिना वाचताना दोन वेगळ्या किडी आहेत असा समज सहज होतो.

वंशाचे नावही स्थिर नव्हते. टेंथ्रेडोतून ती सेलँड्रियात गेली, मग एरिओकॅम्पात, मग कोनोव्ह यांच्या एरिओकॅम्पॉइडिसमध्ये. अखेर इटलीच्या आकिले कोस्टा यांनी १८५९ मध्ये स्थापलेल्या कॅलिरोआ वंशात ती विसावली. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत जुन्या नावाला अग्रक्रम असतो, त्यामुळे सेरासी टिकले आणि बाकीची नावे समानार्थी यादीत गेली. आजचा अभ्यासक जुना संदर्भ शोधताना ही सगळी नावे घालून शोधतो, नाहीतर निम्मे ज्ञान हाती लागत नाही.

या इतिहासातला माझा आवडता माणूस अमेरिकेचा विल्यम डँड्रिज पेक. अठराव्या शतकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये चेरी आणि नाशपातीची झाडे या अळ्यांनी उघडी पाडली होती. तिथल्या कृषी प्रोत्साहन संस्थेने या किडीच्या अभ्यासाला बक्षीस ठेवले आणि पेक यांचा निबंध १७९९ मध्ये बोस्टनला प्रसिद्ध झाला. मादी अंडे कुठे घालते, अळी किती वेळा कात टाकते, जमिनीत कशी उतरते, हे त्यांनी झाडाशेजारी राहून टिपले. त्या किडीची अंडी मारणाऱ्या एका बारीक परोपजीवी गांधीलमाशीचीही नोंद त्यांनी केली. पुढे १८०५ मध्ये ते हार्वर्डचे निसर्गेतिहासाचे पहिले प्राध्यापक झाले. अंडी मारणाऱ्या परोपजीवी कीटकांवर आज मोठे काम चालते. पेक यांनी तो धागा एका शेतकी निबंधात उचलला होता. संग्रहालयातल्या टाचणीवर हे कधीच दिसले नसते.

त्यांच्या निबंधाने एक प्रश्न मागे ठेवला : ही कीड अमेरिकेची मूळची की युरोपातून आलेली? मार्लाट यांनी १८९७ मध्ये अमेरिकी कृषी विभागासाठी तिच्यावर परिपत्रक लिहिले तेव्हा त्यांनी ती लिमासिना नावानेच नोंदवली. आज ती मूळची युरोप आणि पश्चिम आशियाकडची मानली जाते. तिथून ती दोन्ही अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडपर्यंत पोचली. उलट प्रकार प्रिस्टिफोरा ॲब्रिव्हिएटाच्या बाबतीत घडला. कॅलिफोर्नियात सापडलेल्या माशीला कॅलिफोर्निकस असे नवे नाव देण्यात आले आणि तिला कॅलिफोर्नियाची नाशपाती सॉफ्लाय म्हणून प्रसिद्धी मिळाली. नंतर कळले की हार्टिग यांनी १८३७ मध्ये युरोपातून वर्णन केलेली हीच ती. आलेल्या पाहुण्याला स्थानिक समजून नाव दिले गेले. संग्रह शेजारी ठेवून तुलना झाली असती, तर पहिल्या दिवसापासून आयात झालेली कीड म्हणून तिच्याकडे लक्ष गेले असते.

एकोणिसाव्या शतकातला मुख्य प्रवाह युरोपातल्या वर्णनकारांचा होता. थिओडोर हार्टिग वनशास्त्रज्ञ असल्याने त्यांनी अळ्यांकडे आणि झाडांकडेही लक्ष दिले. पीटर कॅमरून यांचा ब्रिटनच्या वनस्पतिभक्षक हायमेनोप्टेरावरचा ग्रंथ १८८२ ते १८९३ या काळात खंडाखंडाने आला. कोनोव्ह हे मेक्लेनबुर्गचे पाद्री होते, तर एन्स्लिन फ्युर्थ गावचे नेत्रवैद्य. एन्स्लिन यांनी १९१२ ते १९१८ दरम्यान मध्य युरोपातल्या सॉफ्लायची सूची लिहिली आणि ती कित्येक दशके टेबलावर राहिली. व्यवसायाने वेगळ्या असलेल्या माणसांनी रात्री दिव्याखाली केलेले हे काम आहे. त्यात रंग, पंखांच्या शिरा, शिंगांचे खंड, डोक्यावरचे खळगे यांवर भर असे.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात दुसरी परंपरा घडली. मॅकगिलिव्हरे यांनी पंखांच्या शिरांची मांडणी अभ्यासून कुळांची नाती शोधली. त्यांचे जपानी विद्यार्थी हाचिरो युआसा यांनी १९२२ मध्ये अळ्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. हेच युआसा पुढे टोकियोच्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे पहिले अध्यक्ष झाले. हर्बर्ट रॉस यांनी १९३७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सॉफ्लायच्या वंशांची नवी मांडणी केली. जर्मनीत लोरेन्झ आणि क्राउस यांचा अळ्यांवरचा ग्रंथ १९५७ मध्ये आला. बागेतली अळी आणि संग्रहालयातली माशी यांना एका टेबलावर बसवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. अळी पाळून मोठी करायची, तिची कात जपायची, त्याच अळीतून निघालेली माशी टाचायची आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालायचा. पद्धत साधी आहे, पण तिला वर्ष लागते. कॅलिरोआची अळी शेवटची कात टाकताना चिकट द्रव सोडून देते, कोरडी आणि नारिंगी पिवळी होते, झाडावरून उतरून जमिनीत कोष करते आणि काही कोष तर पुढच्याही हिवाळ्यापर्यंत तसेच राहतात.

प्रौढ मादीची पक्की ओळख मात्र तिच्या दातेरी पात्यांच्या करवतीवर येऊन थांबते, आणि हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पाचसहा मिलिमीटरची काळी चकचकीत माशी, पंखांच्या मध्यावर धुरकट पट्टा. अशा काळ्या माश्या या वंशात इतरही आहेत, ओक आणि विलोच्या पानांवर वाढणाऱ्या. पोटाचे टोक काढून ते पोटॅशच्या सौम्य द्रावणात मऊ करतात, आतली पाती सुईने सोडवतात, धुऊन काचपट्टीवर पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पात्याच्या कडेला दात्यांची रांग दिसते. प्रत्येक दाता किती उंच, त्याच्या मागच्या उतारावर आणखी किती बारीक दाते, पात्याला किती आडव्या कडा, हे प्रजातीगणिक बदलते. माशीचा रंग फिका-गडद होतो, आकार लहानमोठा होतो, पण करवत क्वचित फसवते. स्मिथसोनियनमध्ये काम केलेल्या डेव्हिड स्मिथ यांनी १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या हेटेरार्थ्रिनी या उपकुळाची पुनर्मांडणी केली, तीही अशा लक्षणांच्या जोरावर.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती या किडीला वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची बनवते. मधमाशीत न फळलेल्या अंड्यातून नर निघतो. कॅलिरोआ सेरासीत न फळलेल्या अंड्यातून मादी निघते. नर इतके दुर्मीळ आहेत की तिचे जवळजवळ सारे पुनरुत्पादन त्यांच्याविना चालते. आपापसांत संकर होऊ शकणाऱ्यांची एक प्रजाती, ही एर्न्स्ट मेयर यांनी १९४२ मध्ये प्रतिष्ठित केलेली व्याख्या इथे लागू करायची कशी? आईसारखी लेक आणि लेकीसारखी नात, अशा ओळींचे हे जग. एखादी ओळ फक्त चेरीवर, दुसरी नाशपातीवर रमली, तर त्या दोन प्रजाती म्हणायच्या का? करवत सारखी असेल आणि जनुके थोडी वेगळी, तर? पुस्तकात या प्रश्नाला तयार उत्तर नाही, आणि ते योग्यच आहे. प्रजाती हा तपासून पाहता येणारा दावा आहे आणि दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे ते सांगणे वर्गीकरणकाराचे काम आहे, हे वाचकाला यातून कळते.

जनुकांचा पुरावा गेल्या वीस वर्षांत झपाट्याने वाढला. पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरण्याची कल्पना मांडली. आता अळीचा एक पाय पाठवून नाव विचारता येते, हे अळी आणि माशी जोडण्याच्या कामी वरदान ठरले. पण सॉफ्लायच्या काही वंशांत, विशेषतः प्रिस्टिफोरासारख्या, वेगळ्या प्रजातींचे हे तुकडे सारखे निघतात आणि केंद्रकातली जनुके तपासावी लागतात. एका जनुकाच्या निकालावर संपूर्ण नाव टांगू नये, ही सावधगिरी या पुस्तकाने कायम ठेवली आहे. वर्गीकरणाची दिशा ज्यांच्यामुळे बदलली ते विली हेनिग जर्मन कीटकशास्त्रीय संस्थेत काम करत होते. समान पूर्वजाच्या पुराव्यावर गट बांधायचे, हे त्यांनी १९५० मध्ये मांडले. तीच संस्था आज म्युन्शेबर्ग इथून जगातल्या सॉफ्लायची अद्ययावत सूची चालवते.

आपल्याकडे हा विषय कुठे भिडतो? महाराष्ट्रात नाशपाती बहुतेक बाजारातच दिसते. वाशीच्या फळबाजारात परदेशी नाशपाती येते, आणि देशी फळ हिमाचल, काश्मीर, उत्तराखंड, पंजाबकडून. पिकलेल्या फळातून या किडी येण्याचा धोका कमी असतो, कारण फळ पोखरणारी अळी कोवळ्या फळातून लवकर बाहेर पडून जमिनीत जाते आणि पाने खाणारी तर फळात राहतच नाही. धोका मातीसह येणाऱ्या रोपांत आणि कलमांत असतो, कारण कोष मातीत असतात. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाने मातीवर आणि रोपांवर कडक निर्बंध घातले, त्यामागे हाच तर्क आहे. बंदरावरच्या तपासनीसाला कोषातून निघालेली काळी माशी ओळखता आली, तरच त्या आदेशाचा उपयोग.

सॉफ्लाय मात्र मराठी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. रब्बीत मोहरी, मुळा, कोबीच्या पानांवर येणारी काळपट हिरवी, हात लावताच अंग आकसून खाली पडणारी अळी ही अथालिया वंशातली सॉफ्लाय. पोटाखालच्या पायांच्या आठ जोड्या मोजून ती कुणालाही तपासता येईल. अगदी अलीकडे जनुकीय अभ्यासांनंतर अथालियाला टेंथ्रेडिनिडीतून काढून स्वतंत्र कुळ देण्यात आले. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत अजून जुने कुळ छापले जाते.

भारतातल्या सॉफ्लायवरचे जुने काम तुकड्यातुकड्यांत आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतल्या बिंगहॅम यांच्या १८९७ आणि १९०३ च्या खंडांनी गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्यांना जागा दिली, सॉफ्लायला नाही. स्वीडनचे रेने मालेझ १९३०च्या दशकात ब्रह्मदेशात सॉफ्लायच्या शोधात फिरले. तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडे जमतात हे पाहून सुचलेला त्यांचा सापळा आज जगभर वापरला जातो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मलकियतसिंग सैनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय सॉफ्लायवर पद्धतशीर काम उभे केले. या पायावर सह्याद्रीतल्या सॉफ्लायची यादी उभी राहायला हवी, आणि तिला अळ्या पाळणारे हात लागतील.

आज या विषयाची निकड का, याचे आणखी एक कारण जैविक नियंत्रणाचे आहे. न्यूझीलंडने कॅलिरोआवर उपाय म्हणून युरोपातून लॅथ्रोलेस्टिस ल्युटिओलेटर ही परोपजीवी गांधीलमाशी आणली. असा शत्रू निवडताना यजमान कीड नेमकी कोणती आणि ती मूळची कुठली, हे ठाऊक असावे लागते. अमेरिकेची की युरोपची, हा पेक यांच्या काळातला वाद इथे व्यवहारात उतरतो, कारण मूळ देश चुकला की नैसर्गिक शत्रूचा शोधही चुकीच्या देशात सुरू होतो.

लेखिकेशी माझा एक मतभेद आहे, तो नोंदवतो. त्यांनी सिंफायटा हे जुने नाव सबंध पुस्तकात ठेवले आहे. मी असतो तर पहिल्या ओळखीनंतर ते टाळले असते. पण नवख्या वाचकाला शोधसाधने याच नावाने सापडतात, हा त्यांचा मुद्दा मी नाकारू शकत नाही. शास्त्रीय नावे देवनागरीत देतानाही त्यांनी उच्चार एकसारखा ठेवला आहे, हे मराठी विज्ञानलेखनात दुर्मीळ आहे.

पुस्तक कसे वाचावे? आधी खूण पाहा, मग अळी, मग तिला मोठी करून माशी. अळी अल्कोहोलमध्ये ठेवा, पण त्याआधी गरम पाण्यात बुडवा, नाहीतर ती काळी पडते. चिठ्ठीवर झाड, जागा, तारीख लिहा. वाढवलेल्या माशीला तोच क्रमांक द्या. नाशपाती मिळाली नाही तर मोहरीवरच्या अथालियापासून सुरुवात करा. पद्धत तीच आहे. कुळांची नावे पाठ करण्याआधी एक अळी माशी होईपर्यंत सांभाळलेला वाचक या पुस्तकातले पुढचे प्रत्येक पान अधिकाराने वाचेल, आणि त्यातल्या एखाद्या विधानाशी त्याचे पटले नाही, तर त्याच्या बाटलीतला पुरावा लेखिकेला दाखवू शकेल. असे वाचक तयार व्हावेत एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.